बारा वीसचा नकार

मी विनिता मिथुन नाखवा, वय २७ वर्षे, धंदा मासळीविक्री, राहणार करंजा, तालुका उरण. आज पनवेल येथील पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर पती मिथुन, सासू गंगाबाई व दीर कल्पेश यांच्यासह राहते. पती मासेमारी करतात. बोट माझ्या नावावर असून मच्छीमार सोसायटीतून डिझेल माझ्या सहीने सुटते.

दिनांक ९ रोजी सकाळी कळा सुरू झाल्याने सासू व दिराने मला पनवेलमधील एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. पती त्या वेळी समुद्रावर होते. अकरा वाजेपर्यंत डॉक्टरबाई व सिस्टर निशा सर्व नॉर्मल असल्याचे सांगत होत्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरबाईंनी तपासले आणि सिझर करावे लागेल, असे माझ्या सासूला सांगितले. मला नाही. मी पूर्ण शुद्धीवर होते. मी म्हणाले, "सही मी करते. पन बालाला काय झालंय ते आदी सांगा."

त्या म्हणाल्या, "चर्चा करत बसायला वेळ नाहीये. मिस्टरांना बोलवा."

मी आणखी दोनदा विचारले. सासूने मलाच गप्प बसवले. डॉक्टरला शिकवतेस काय, असे ती म्हणाली. मला तिचा फार राग आला व तो अजून गेलेला नाही. सिस्टर निशाने कागदावर काहीतरी लिहिले आणि ती व डॉक्टरबाई बाहेर गेल्या.

दिराने बंदरावर फोन केला. तिथून वायरलेसवर पतीच्या बोटीला निरोप गेला. वायरलेसवरचे बोलणे सगळ्या बोटींना ऐकू येते. त्यामुळे माझे पोट कापणार हे समुद्रावर सगळ्यांना कळले. का कापणार, हे खाटेवर पडलेल्या मला कुणी सांगितले नाही. पती 'करा' म्हणाले, तो निरोप पावणेदोन वाजता परत आला. मग दिराची सही घेऊन मला आत नेले.

दोन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

घरी आल्यावर मी रुग्णालयाचे कागद मागवून वाचले. त्यात बारा वाजता बाळाचे ठोके कमी झाल्याची नोंद आहे. हे एक वाक्य मला सांगितले असते तर मी तिथल्या तिथे सही केली असती. त्याच्याच खाली लिहिले आहे, 'रुग्णाने शस्त्रक्रियेस नकार दिला, वेळ १२.२०.' हे धादांत खोटे आहे. मी विचारले होते. आता सासू बाजारात बायकांना सांगते की, हिनेच नाही म्हटले म्हणून पोर गेली. पती तिला अडवत नाहीत. माझ्या मुलीला मी मारले, असे त्या कागदावर लिहिलेले आहे. ज्यांनी लिहिले त्या डॉक्टरबाई व सिस्टर निशा या दोघींविरुद्ध माझी तक्रार आहे.

माझा जबाब मराठीत टाइप केला असून तो मी स्वतः वाचला. दोन ठिकाणी मला शंका होती, ती विचारली. हवालदार मॅडमनी समजावून सांगितले. त्याला चार मिनिटे लागली. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करत आहे.