सासऱ्यांनी चाखलेली पलूसची वाइन

अरे, वाइनमधलं मला अजून फारसं कळत नाही. जवळपास बनणारी, स्वस्तातली चांगली रेड वाइन शोधायची, एवढाच आम्हा नवराबायकोचा नाद. बऱ्याच बाटल्या काढ्यासारख्या कडू निघाल्या. शेवटी पलूसजवळच्या एका छोट्या वायनरीची आवडली, ती मिरजेला घरी आणली.

नेमके त्याच संध्याकाळी सासरे दारात! कोरेगावचे निवृत्त सुभेदार. आम्ही पळून जाऊन लग्न केलं तेव्हापासून बोलत नव्हते. गुडघा दाखवायला मिरजेला आले होते आणि परतीची गाडी चुकली होती. बाटली टेबलावरच. बायको तर पांढरीफटक पडली.

"काय हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"आवं आबा, वाइन हाय. पलूसच्या द्राक्षांची," ती म्हणाली.

"आपल्याकडंबी बनती व्हय? वत थोडी."

फौजेत रम प्यायलेला माणूस! एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात घोळवला.

"ग्वाड न्हाई, पर चांगली हाय," ते म्हणाले. मग लेकीकडं न बघताच म्हणाले, "दिवाळीला घरी येताना दोन बाटल्या घिऊन या. तुझ्या आईलाबी चाखू दे."