डिस्क पुसून स्थापना

चहा निवण्याआधी सांगून टाकतो, म्हणजे 'शब्दकोश कुठवर आला?' असे मला पुन्हा कोणी विचारणार नाही.

माझ्या जुन्या संगणकाला नवे विंडोज पेलेना, म्हणून लिनक्स बसवायचे ठरवले. वाचून वाचून पेनड्राइव्ह मीच तयार केला. दोनदा पडदा काळा पडला. तिसऱ्या खेपेस त्याने भाषा विचारली. मी अर्थातच मराठी निवडली. पुढे ओळ आली : 'डिस्क पुसून स्थापना करा.'

आमची ही रत्नागिरीकडच्या पावस गावची. म्हणाली, "अहो, पुसून म्हणजे फडक्यानं पुसतो तसं काय हो?"

"फडक्याने नव्हे. तुझ्याच माहेरचा शब्द आणि तूच विसरलीस? पुसणे म्हणजे विचारणे. आजच सकाळी मी तो कोशात नोंदवला आहे. आधी डिस्कला विचारील, मग बसेल."

मंडणगडपासून पावसपर्यंत बारा वर्षे हिंडून जमवलेले बोलीतले शब्द त्याच डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती. 'नक्की करायचे?' असे त्याने विचारलेही. मी हिच्याकडे पाहून म्हणालो, "बघ, पुसतो आहे." आणि होकार दिला.

लिनक्स बसले. त्याला वायफाय दिसेना आणि मला माझे शब्द दिसेनात.

हिने वाकून रिकामा पडदा पाहिला. मग हळूच म्हणाली, "तुम्हांला न पुसताच सगळं पुसलंन?"

"नाही गं," मी म्हणालो, "पुसून पुसलंन."

दोन्ही अर्थ आता पक्के आहेत. नोंदवायला कोश तेवढा उरलेला नाही.