यकृतातली आडवाट

केनियातल्या लोडवार गावच्या दवाखान्यात नाकिरू दुखण्याच्या गोळ्या न्यायला आली होती. तिच्या यकृतात शहामृगाच्या अंड्याएवढी गाठ होती आणि ती कापता येणार नाही, असं तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. बाकावर शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"अगं, तुला आधी ऑपरेशनला नाहीच म्हणाल्या होत्या ना डॉक्टरीणबाई?"

"म्हणाल्या होत्या. गाठीनं मोठी शीर दाबलीय, ती शीर कापली तर अर्धं यकृत जाईल म्हणे."

"मग आज कशा तयार झाल्या?"

"नव्या फोटोत दिसलं त्यांना. अडलेल्या रक्तानं बारक्या शिरांची आडवाट काढलीय, शेजारच्या मोठ्या शिरेपर्यंत. तेवढी वाट सांभाळायची, मग दाबलेली शीर कापून गाठ काढली तरी यकृत जगतं."

"आणि ही वाट काढली कुणी?"

"माझ्या यकृतानं! चाळीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय, अडल्यावर वाट काढायची सवय आहे मला."

"उद्या पोट फाडणार आहेत, तरी जीभ बघा!"

"जिभेला कुठं गाठ आहे?"

नाकिरू बाकावर सरकत जवळ आली.

"आई, माझ्याही गाठीला नाहीच म्हणालेत. त्या डॉक्टरीणबाई कुठल्या खोलीत बसतात?"

"ती काय, निळ्या दाराची. जा पोरी, आत्ताच जा."