एवढीशी चीर आणि आरतीचा लांब सूर

...बरं, चीर मोठी नाही हा काय माझा गुन्हा आहे? तुम्हीच सांगा! हृदयाचं ऑपरेशन झालंय माझं, हृदयाचं! आतली झडप गळत होती, ती डॉक्टरांनी शिवली, रिंग बसवली, आणि हे सगळं उजव्या बरगड्यांच्या फटीतून, दुर्बीण घालून... छाती फाडलीच नाही. विज्ञान कुठल्या कुठे गेलं! आमची लालबागची चाळ? ती तिथेच.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे पेशंटला बघायला येतात म्हणजे खरोखर बघायला येतात. मोसंबी ठेवायची, खुर्ची ओढायची, आणि "दाखव!" मी बिचारा शर्ट वर करतो, तर शेजारच्या लतिकावहिनी चष्मा पुसून म्हणतात, "एवढीशीच? आमच्या ह्यांचं गळू याच्यापेक्षा मोठं कापलेलं!" घ्या! गळू! आणि कोपऱ्यावरच्या खोलीतला मनू परब, त्याचं बायपास, गळ्यापासून पोटापर्यंत व्रण, तो तर हल्ली बनियनच घालत नाही. मला म्हणतो, "रामू, तुझं काय रे, नुसतं सर्व्हिसिंग!" चीर एवढीशी असली की दुखणंपण एवढंसं धरतात.

आणि घरात? घरात बरोब्बर उलटं! बादली उचलली की आमची सुभद्रा, "अवो, ठेवा ती!" जिना चढलो की, "अवो, बसा वायच!" शिंकलो तरी आमचा पोरगा निलेश फोन घेऊन उभा. अरे, चीर एवढीशी आहे रे! तपासणीला गेलो तर डॉक्टर विचारतात, "काय काका, क्वालिटी ऑफ लाइफ कशी आहे?" म्हटलं, साहेब, लाइफ एकदम ए-वन, पण घरचे वापरू देत नाहीत. ते म्हणाले, "आता बिनधास्त सगळं करा."

मला सगळं नको होतं हो. एकच हवं होतं. गणपतीत विठ्ठलाच्या आरतीला तो लांब सूर ओढतात बघा, एकेक जण गळत जातो, शेवटी उरेल तो चाळीचा राजा... वर्षानुवर्षं तो राजा मी! मग झडप बिघडली, दम लागायला लागला, सूर मध्येच तुटायला लागला, आणि मान गेला कोणाकडे? मनू परबकडे! मी मागे भिंतीला टेकून टाळ्या वाजवायचो. फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, ऑपरेशनच्या टेबलावर देवाकडे मी आयुष्य नाही मागितलं, तो सूर मागितला.

तर यंदा आरतीला मी पुढे. सुभद्रा मागून शर्ट ओढतेय, ओढू दे. सूर आला... लावला! डोळे मिटले, मान वर, एक हात छातीवर, आणि अहो, दम संपतच नाही! लतिकावहिनी गळल्या, निलेश गळला, मनूचा आवाज फाटला, मग टाळ थांबले, ढोलकी थांबली, सगळी चाळ चिडीचूप. मनात म्हटलं, वा, काय मान देतायत! तेवढ्यात माझे पाय जमिनीवरून सुटले.

उचललं हो मला! सूर चालू असताना! "तोंड लाल झालंय!" "छाती धरलीय बघ!" "काका किंचाळतायत रे!" मी सूर ओढतोय आणि हे मला जिन्यावरून खाली ओढतायत! सोडणार कसा? इतक्या वर्षांनी लागलेला! टॅक्सीच्या दाराला डोकं आपटलं तेव्हा कुठे तुटला.

हॉस्पिटलात तपासलं. हृदय ठणठणीत, डोक्याला टेंगूळ. सुभद्रा बाकावर रडत होती, "माका वाटला, सगळा संपला." तिचा हात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मनू स्वतः दारात. "रामू, आजपासून सूर तुझा." चीर एवढीशी, पण भरून आलं हो! गेलो, छाती काढून उभा राहिलो, सूर लावला, आणि सहज एक डोळा उघडून मागे बघितलं. मंडळाने कुठूनतरी स्ट्रेचर आणलेलं, पोरं दांडे धरून तयार, निलेश खाली टॅक्सी थांबवून, आणि मनू परब त्या स्ट्रेचरवर माझ्यासाठी उशी नीट करतोय.

सूर मी रोज ओढतो. शेवटपर्यंत. आणि संपला की... पोरं बिचारी एवढी ताटकळत उभी असतात... गुपचूप जाऊन स्ट्रेचरवर पडतो.