छत्री माळ्यावर, ढग समुद्रावर

...नाही, पण छत्रीचा आणि पावसाचा संबंध काय? तुम्हीच सांगा! जगात पाऊस ढगांबरोबर जातो, आमच्या खरवईत आण्णांची छत्री बघून जातो! आण्णा म्हणजे माझा बाप, वीटभट्टीवाला. दसरा झाला की छत्री पुसायची, पेपरात गुंडाळायची, सुतळी बांधून माळ्यावर टाकायची. टाकली? संपला पाऊस! आजूबाजूचे भट्टीवाले विचारत येतात, "आण्णा, गेली का वर?" गेली म्हटलं की सगळे विटा पाडायला मोकळे... गाव आहे की येड्यांचं इस्पितळ?

कच्ची वीट म्हणजे वाळत घातलेला चिखल हो. भाजायच्या आधी एक सर आली की परत चिखल. आणि आमच्याकडची रीत अशी, की विरघळलेली वीट मजुरीत धरत नाहीत! म्हणजे बारकू आणि त्याची बायको चंद्री डोंगरातल्या वाडीवरून येऊन पहाटेपासून कंबर मोडणार, छत्री चुकली की मार त्यांना! आण्णा म्हणतात, "पाऊस काय मी पाडला?" नाही पाडला, पण गेला म्हणून सांगितलं कोणी?

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, मान्य. पण एक गोष्ट तिथून घेऊन आलो. फिजिक्सचे सर सांगायचे, वर उपग्रह ढगांचे फोटो काढतो, ढग कसे सरकले त्यावरून वारा कळतो. खाली संगणक अंदाज बांधतो, मग वरून दिसलेलं त्याला भरवायचं. की तो म्हणतो, अरेच्चा, चुकलं! सुधारतो, पुढचा अंदाज बांधतो. परत बघतो, परत सुधारतो. खोलीएवढं मशीन, पण चुकलो म्हणायला लाजत नाही! आणि आमच्याकडे? छत्री माळ्यावर गेली, संपला पाऊस!

तर तुम्हाला सांगतो, यंदा कॅम्प पाचच्या सिंधी बाजारातून सेकंडहँड टीव्ही आणला. दुकानवाला शेठ म्हणाला, "साईं, एकदम फस्क्लास! तस्वीर गई तो बाजू से एक चमाट!" चमाट मारमारून बातम्या बघतोय, ऐन नोव्हेंबरात, आणि शेवटी ढगांचा फोटो... अरबी समुद्रात हा पांढरा भोवरा! मी ओरडलो, "आण्णा, उद्या पाऊस! ताडपत्र्या काढा!"

आण्णा पानाला चुना लावत, "परीक्षेचा निकाल कधी कळला नाही तुला, पावसाचा कळला? छत्री कुठंय?"

"माळ्यावर."

"मग?"

मग काय मग! दुसऱ्या दिवशी कडकडीत ऊन. अख्खी खरवई दात काढतेय, "काय वेधशाळा, गोधड्या वाळत घालू का?" घाला! मी संध्याकाळी परत टीव्हीला चमाट मारली. भोवरा समुद्रात रेंगाळला होता, पण तोंड आमच्याकडेच. चुकलो? चुकलो! सुधारलं. आता उद्या दुपारी! गेलो बारकूच्या झोपडीवर. चंद्री म्हणाली, "काल पन हेच बोललास ना रं?"

म्हटलं, "काल चुकलो. आजचा फोटो नवा आहे."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुज्या घरात चुकलो बोलनारा मानूस पयल्यांदा बघते मी," म्हणाली, आणि उठली. "बारकू, पेंढा काढ!"

सकाळभर आम्ही तिघं झाकतोय, ताडपत्री, पेंढा, गोणपाट, मिळेल ते, आणि आण्णा मागून बोंबलतायत, "काढा ते! माझी छत्री वर आहे!" नाही काढलं. जेवणं होतायत तोवर असा कोसळला! शेजारच्या भट्ट्यांचा शिरा झाला. आमच्या विटा शाबूत. आणि आण्णा अंगणात, धोतरातून पाणी निथळतंय. आई म्हणाली, "अहो, छत्री काढू का?"

"हात लावू नको! ती वर आहे!"

चंद्रीच्या सगळ्या विटा मजुरीत धरल्या त्यांनी, तोंड वाकडं करून. आणि मला म्हणाले, "हा डबा ढग दाखवतो म्हणून पाऊस येतो. टाक माळ्यावर!"

टाकला! वायर माळ्यापर्यंत ओढली आणि मीही वर चढून बसलो, मान मोडून, एका अंगाला टीव्ही, दुसऱ्या अंगाला छत्री. आता रोज बातम्या संपल्या की खालून खोकला ऐकू येतो, "काय रे... ढग कुठवर आलाय?" मी सांगतो. आणि बाहेर जाऊन आण्णा भट्टीवाल्यांना काय सांगतात? "माझी छत्री म्हणते, दोन दिवस विटा पाडू नका!"

म्हणू दे... काय करता? सुधारली ती छत्री. आण्णा नाही!