दहाव्याच्या घाटावरचं अभिनंदन

मंडळी, ऐका. दुःखाच्या वेळी माणसानं स्वतःचे शब्द बोलावेत, की उसने आणलेले? ‘स्वतःचे’ म्हणून लगेच माना हलवू नका. शेवटी हे तुमच्यावरच येणार आहे.

रंभाजीराव थेटे म्हणून एक गृहस्थ होते. दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांचे व्याही सोपानराव औटी, त्यांची म्हातारी आई गऊबाई वारली. दहाव्याला घाटावर ही गर्दी! पुढारी एकामागून एक उठून तीच ती भावपूर्ण श्रद्धांजली वाहत होते — पिंडाला कावळा शिवला, तरी यांचं आवरेना. रंभाजीरावांना वाटलं, आपण जरा वेगळं बोलावं. सकाळीच त्यांनी एका मास्तरांकडून सांत्वनाचा इंग्रजी शब्द पाठ केला होता : कंडोलन्स. आता गंमत बघा, इंग्रजीत तो सुरू होतो सी-ओ-एन नं. काँग्रॅच्युलेशनही सी-ओ-एन नं. आणि पोट साफ न होण्याला डॉक्टर जे म्हणतात, तेही सी-ओ-एन नंच! एका उंबऱ्यातून तिघे निघाले. कोण कुठं जाणार, हे कळायला नको?

रंभाजीरावांनी माइक धरला. सी-ओ-एनपर्यंत गाडी बरोबर आली. पुढे जीभ रोजच्या वाटेनं गेली — लग्नं, वाढदिवस, निवडणुका. म्हणाले, “औटी परिवाराला माझं हार्दिक काँग्रॅच्युलेशन.”

एवढं इंग्रजी कुणाला कळत नाही? बायका रडायच्या थांबल्या. न्हावीसुद्धा वस्तरा धरून बघत राहिला. तिथंच ‘चुकलो’ म्हटलं असतं, तर मिटलं असतं. पण चेअरमन कधी चुकतो का? म्हणाले, म्हातारी नव्वदीला सुटली, म्हणून मुद्दामच म्हणालो.

 संध्याकाळी सोपानरावांचा निरोप आला, की निर्मला इथंच राहील. निर्मला म्हणजे सोपानरावांची लेक आणि रंभाजीरावांची सून. आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. नवरा न्यायला गेला, तर तिनं सांगितलं, मामंजींनी माझी आजी मेल्याचं अभिनंदन केलंय, त्या घरात मी घास कसा गिळू?

घर सुनं झालं. मुलगा बापाशी बोलेना. शेवटी रंभाजीराव एकटेच औट्यांच्या ओटीवर जाऊन बसले. ‘मिसअंडरस्टँडिंग’ म्हणून सुरुवात केली, तसे सोपानराव म्हणाले, “इंग्रजी नको, व्याहीबुवा.”

रंभाजीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “पोरांच्या लग्नाच्या बैठकीत मी मानपानावरून रुसून उठलो होतो. म्हातारीनं हात धरून खाली बसवलं, म्हणाली, आधी पिठलं खा, मग रूस. माझी आई गेल्यावर तसं कुणी बसवलं नव्हतं. शब्द चुकला माझा. आणि नंतर जे बोललो, ते त्याहून वाईट.”

 सोपानराव डोळे पुसता पुसता हसले. “तिनं ते काँग्रॅच्युलेशन ऐकलं असतं, तर पेढा मागितला असता.”

दाराआड निर्मला उभी होती. ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

हसलात ना रंभाजीरावांना? मग सांगा, रोज सकाळी आंघोळ करून देवापुढं जे घडाघडा म्हणता, त्यातल्या किती शब्दांचा अर्थ ठाऊक आहे? आपण तिथं काय मागतो, कुणाचं अभिनंदन करतो, कुणाचं सांत्वन करतो — कोण जाणे. देव दगडाचा आहे म्हणून निभतंय. नाहीतर त्यानंही कधीच निरोप धाडला असता : ‘लक्ष्मी इथंच राहील.’