स्वर्गातून हाकललेला देव

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. पोस्टमन नुकतेच घसा तपासून घेऊन बाहेर आले होते.

“आठ दिवस तोंड उघडायचं नाही म्हणालेत. कळलं ना?”

“अगं, रविवारी नाटक आहे.” त्यांचा आवाज जेमतेम कुजबुजण्याइतका उरला होता. “चाळीस वर्षं मंडळात भालदार झालो. आता कुठे खलनायक मिळाला. स्वर्गातून हाकललेला देव!”

“गप्प बसा हो. तालमी करून करूनच घसा बसलाय.”

“ते शेवटचं भाषण तरी...”

“पाठ झालंय मला. दोन महिने भाजी चिरताना तेच ऐकतेय.”

“म्हण बघू.”

“इथे? लोक काय म्हणतील?”

“हळू म्हण.”

“‘देवाधिदेवा, आकाशातून ढकललंस मला, पण माझी मान वाकवता आली का तुला? सांभाळ तुझं सिंहासन! मी परत येतोय!’”

हळू कसलं! आम्ही सगळे पेशंट टाळ्या वाजवत होतो. डॉक्टरसुद्धा दार उघडून बघायला आले.

“दिग्दर्शकाला फोन लाव.”

“नाटक रद्द करा म्हणून सांगू?”

“सांग, बंडखोर देव मिळालाय. घरातच होता.”

“चला, काहीतरीच तुमचं! ... अहो, मिशी लावावी लागेल का?”